वारा आत, वैरी बाहेर : परसातल्या खुराड्याची रचना

मराठीत ‘खुराडे’ हा शब्द माणसाच्या राहत्या जागेला लावला जातो तेव्हा तो नेहमी तक्रारीच्या सुरात येतो. चाळीतली कोंदट खोली असो की दाटीवाटीने भरलेले वसतिगृह, ‘खुराडे’ एवढे म्हटले की अंधार, दाटी आणि कुबट वास या तिन्ही गोष्टी ऐकणाऱ्याला एकदम कळतात. हा निवाडा भाषेने कोंबडीवर दिलेला नाही, तिच्या घराच्या बांधणीवर दिलेला आहे, आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. कारण महाराष्ट्रातल्या गावांत परसातल्या, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेतल्या, कोंबड्यांसाठी पिढ्यानपिढ्या जो निवारा केला गेला तो त्यांना रात्रभर वाचवण्यासाठी केला गेला, त्यांना नीट श्वास घेता यावा हा विचार त्यात फारसा नव्हता. जुन्या खुराड्याचे साहित्य, जागा निवडण्याची रीत आणि शत्रूविषयीची सावधगिरी यांत टाकून देण्यासारखे फार थोडे आहे. चूक आहे ती वाऱ्याची आणि झाडूची वाट बंद करण्यात, आणि ही चूक गावच्याच बांबूने, गावच्याच सुताराच्या हाताने दुरुस्त होण्यासारखी आहे.

या दुरुस्तीची गरज किती मोठी आहे हे आकड्यांवरून दिसते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची एकूण संख्या ८५.१८ कोटी भरली आणि त्यांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातले होते. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेशी ताडून पाहिले तर व्यावसायिक कुक्कुटपालनातले पक्षी साधारण साडेचार टक्क्यांनी वाढले होते, तर परसातले पक्षी जवळजवळ ४६ टक्क्यांनी. घरामागची कोंबडी मोठ्या पोल्ट्रीपुढे टिकणार नाही असे बराच काळ गृहीत धरले जात होते. प्रत्यक्षात ती वाढली, आणि तिच्याबरोबर तिच्या रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्नही वाढला. मोठ्या शेडच्या बांधणीवर पुस्तके आणि प्रशिक्षणवर्ग विपुल आहेत. दहा कोंबड्यांच्या खुराड्याची आखणी मात्र ज्याची त्याने करायची असे मानले जाते.

जुन्या निवाऱ्याचे दोन मुख्य प्रकार. पहिला डालग्याचा. डालगे म्हणजे बांबूच्या कामट्यांची, म्हणजे उभ्या चिरलेल्या पट्ट्यांची, विणलेली घुमटाच्या आकाराची मोठी टोपली. ती पालथी घालून वर दगड ठेवला की खाली कोंबडी आणि तिची पिल्ले झाकली जातात. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ या म्हणीतले ‘झाकणे’ हे क्रियापद डालगे डोळ्यांपुढे आणले तरच नीट उलगडते, कारण खुराड्यात कोंबडे कोंडले जाते, डालग्याखाली ते झाकले जाते. डालग्याच्या विणीतून वारा खेळतो, ते उचलून दुसरीकडे ठेवता येते, त्यामुळे खालची जमीन रोज बदलते आणि घाण साचत नाही. या दोन बाबतींत ते ओट्याखालच्या कोनाड्यापेक्षा, म्हणजे पुढे येणाऱ्या दुसऱ्या प्रकारापेक्षा, कितीतरी सरस आहे. मात्र कुत्रे ते उलथवू शकते, घूस त्याच्या खालून उकरू शकते, आणि म्हणून ते रात्री माजघरात किंवा पडवीत आणावे लागते.

दुसरा प्रकार ओट्याखालच्या खुराड्याचा. घराचे जोते बांधतानाच ओट्याच्या पोटात हात-दीड हात उंचीचा एक कोनाडा सोडला जातो आणि त्याच्या तोंडाला कोंबडी वाकून शिरेल एवढेच दार ठेवून ते रात्री फळीने किंवा सपाट दगडाने बंद केले जाते. यामागचा विचार पक्का होता. तीन बाजूंना दगडमातीची भिंत, वर ओटा, ओट्यावर झोपलेले घरातले माणूस आणि जवळच कुत्रे, अशा ठिकाणी कोल्हा किंवा चोर सहसा हात घालत नाही, आणि खुराड्यात जरा खळबळ झाली तरी वरच्या माणसाला जाग येते. परंतु याच बांधणीत वाऱ्याला एकच वाट आहे आणि तीही रात्री बंद होते. आत माणसाचा हात खांद्यापर्यंत घातला तरी मागची भिंत लागत नाही, त्यामुळे मागच्या कोपऱ्यातली घाण वर्षानुवर्षे तिथेच राहते.

खुराडे कसे असावे हे ठरवताना आधी त्यात राहणाऱ्या पक्ष्याचा मूळ स्वभाव पाहिला पाहिजे. पाळीव कोंबडी मुख्यतः दक्षिण व आग्नेय आशियातल्या लाल रानकोंबड्यापासून आली, आणि माणसाच्या सोबतीला ती भात व भरड धान्याच्या शेतीच्या ओढीने आली असावी, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. तिचे सर्वांत जुने खात्रीचे अवशेष त्यात थायलंडमधले, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे मानले आहेत. या वंशावळीत सह्याद्रीचाही वाटा आहे. अनेक पाळीव जातींच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो तो लाल रानकोंबड्याकडून आलेला नसून पश्चिम घाटात व दक्षिण भारतात आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ मध्ये दाखवून दिले गेले. हे दोन्ही रानपक्षी दिवसभर जमिनीवर पाचोळा उकरत फिरतात आणि अंधार पडण्याआधी झाडावर चढून फांदीवर झोपतात. कोंबडीला मंद उजेडात फारच कमी दिसते, त्यामुळे तिन्हीसांजेनंतर ती जिथे असेल तिथे गप्प बसून राहते आणि तिला कोणीही उचलून नेऊ शकते. उंच जागेची तिची ओढ या असहायतेतूनच आलेली आहे. म्हणजे खुराडे हे दिवसाचे घर नव्हे, ती मुख्यतः झोपण्याची जागा आहे, आणि तिथे फांदीची उणीव भरून काढणारी दांडी असलीच पाहिजे. ओट्याखालच्या कोनाड्यात कोंबडीला रात्र जमिनीवर, स्वतःच्याच विष्ठेत बसून काढावी लागते, आणि ते तिच्या स्वभावाच्या अगदी उलट आहे.

आता वाऱ्याचा विचार. कोंबडीच्या शरीराचे तापमान साधारण ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते, तिला घामाच्या ग्रंथी नसतात, आणि १८ ते २४ अंशांच्या हवेत ती सुखात असते. हवा तिशीच्या पुढे गेली की ती पंख अंगापासून फाकवून उभी राहते, चोच उघडते आणि जलद श्वास घेऊ लागते. या धापेबरोबर घशातला ओलावा बाहेर पडतो आणि त्याच्या बाष्पीभवनाने शरीर थंड होते. ही क्रिया हवा कोरडी असेल तरच नीट चालते. बंद कोनाड्यात दहा कोंबड्या रात्रभर श्वास सोडतात, त्यांच्या ओल्या विष्ठेतून आणखी वाफ निघते, आणि थोड्याच वेळात आतली हवा इतकी दमट होते की धाप लागूनही अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी खुराड्यात एखादी धडधाकट कोंबडी मेलेली सापडते तेव्हा घरातली माणसे सापाचा किंवा रोगाचा संशय घेतात; पण दगडी ओट्याने दिवसभर शोषलेली उष्णता रात्रभर आत सोडली आणि वारा नसल्याने ती आतच कोंडली, हे कारण पुष्कळदा जास्त संभवते.

दुसरे संकट अमोनियाचे. पक्षी लघवी वेगळी करत नाहीत; त्यांच्या विष्ठेतला पांढरा भाग यूरिक आम्लाचा असतो, आणि ओल मिळाली की जिवाणू त्याचे अमोनियात, म्हणजे डोळ्यांना झोंबणाऱ्या उग्र वायूत, रूपांतर करतात. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे साधारण २० ते २५ भाग झाले की माणसाच्या नाकाला तो जाणवू लागतो, आणि त्याच सुमारास कोंबडीच्या डोळ्यांची व श्वासनलिकेची हानी सुरू होते. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात व ते धूळ आणि जंतू सतत बाहेर ढकलत असतात. अमोनियाने ते निकामी झाले की सर्दीसारखे साधे विकारही पक्ष्याला आडवे करतात. याची परीक्षा करायला उपकरण लागत नाही. पहाटे दार उघडल्याबरोबर खाली वाकून तोंड कोंबडीच्या उंचीला न्यावे आणि चार श्वास घ्यावेत. उभ्या माणसाच्या नाकाशी हवा ठीक वाटते, पण कोंबडी ज्या थरात झोपते तिथे डोळ्यांत पाणी येते, असा अनुभव जिथे येईल ते खुराडे त्याच दिवशी सुधारायला घ्यावे.

हवा खेळती ठेवायची म्हणजे भिंतच काढून टाकायची असे मात्र नाही. गरम आणि दमट हवा वर चढते, म्हणून तिची सुटण्याची वाट छपराच्या लगेच खाली, दांडीवर बसलेल्या पक्ष्याच्या डोक्याच्या वर हवी, आणि ताजी हवा समोरच्या बाजूने खालून आत यावी. खुराड्याच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला आणि अरुंद बाजू पूर्व-पश्चिमेला ठेवल्या की सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन अरुंद भिंतींवर पडते आणि लांब बाजूंना जाळी लावता येते. हिवाळ्यात निफाडसारख्या भागात पारा कधीकधी पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा जाळीवर गोणपाटाचा पडदा हवाच. पण तो खालच्या कडेला बांधून खालून वर ओढायचा आणि वरचा वीतभर भाग उघडा ठेवायचा. बहुतेक घरांत तो वरून खाली सोडलेला असतो, त्यामुळे वरची दमट हवा अडते आणि खालून गार झोत नेमका कोंबडीच्या पोटाला लागतो. एवढ्या साध्या उलटापालटीने सर्दीचे प्रमाण कमी होते. कोंबडीला थंडी फारशी बाधत नाही, तिच्या अंगावर पिसांचे पांघरूण आहेच. तिला बाधते ती ओल आणि अंगावर येणारा झोत.

जाळी आली की शत्रूंचा प्रश्न आला, आणि खुराड्याच्या रचनेतले खरे कौशल्य इथेच लागते. परसातल्या बोलण्यात सगळा दोष मुंगुसावर टाकला जातो, परंतु मुंगूस दिवसा फिरणारा प्राणी आहे. तो पिल्ले आणि अंडी दुपारी पळवतो आणि त्याला आवर घालायचा तर कुंपणाचा आणि माणसाच्या वावराचा उपयोग होतो. पिल्लांवर झडप घालणारी घार, शिक्रा आणि कावळे हेही दिवसाचेच शत्रू. खुराड्याला ज्यांच्याशी सामना करायचा आहे ते रात्रीचे आहेत : रानमांजर, उदमांजर, कोल्हा, भटकी कुत्री, घूस आणि साप. यांपैकी प्रत्येकाची आत येण्याची रीत वेगळी आहे. कुत्रे आणि कोल्हा दाराला धक्का देतात किंवा भिंतीच्या तळाशी उकरतात. उदमांजर झाडावरून छपरावर उतरते आणि सैल झालेले कौल सरकवते. घूस खालून बीळ काढते. आणि सापाला अंगठ्याएवढी फटही पुरते.

बाजारात ‘कोंबडी जाळी’ म्हणून जी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी मिळते तिच्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकला जातो. ही जाळी इंग्लंडमधील नॉरविच येथे चार्ल्स बर्नार्ड यांनी १८४४ च्या सुमारास कापड विणण्याच्या यंत्राच्या धर्तीवर तयार केली. ती तारेचे विणलेले कापडच आहे आणि कापडासारखीच फाटते. कोंबडी बाहेर जाऊ नये यासाठी ती पुरेशी आहे. कुत्रे आत येऊ नये यासाठी ती अगदीच अपुरी आहे, कारण जोर लावला की तारेचे पीळ सुटतात आणि एक पीळ सुटला की भोक वाढत जाते. खुराड्याला तारांच्या प्रत्येक जोडावर डाग दिलेली, म्हणजे वेल्ड केलेली, अर्धा इंच छिद्राची जाड जाळी हवी. तिच्यातून उंदीर जात नाही आणि मोठा सापही जात नाही. ती महाग पडते हे खरे आहे, पण ती सगळीकडे लावायची नसून फक्त वाऱ्याच्या वाटांवर लावायची आहे, आणि बाकीची भिंत कुडाची करता येते. कूड म्हणजे कारवीच्या काटक्या किंवा बांबूच्या कामट्या उभ्याआडव्या गुंफून त्यांवर शेणमातीचा लेप दिलेली भिंत. जाळी खिळे वाकवून ठोकण्यापेक्षा दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये दाबून बसवावी, कारण शत्रू जाळी फाडण्याऐवजी तिची कडा उचकटतो. खुराडे जमिनीवरच असेल तर हीच जाळी भिंतीच्या पायाशी बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून मातीखाली गाडावी. उकरणारे जनावर भिंतीला लागून उकरायला सुरुवात करते, त्याच्या नखांना जाळी लागते, आणि दोन पावले मागे सरून उकरावे हे त्याला सुचत नाही.

दाराची कडीही विचारपूर्वक निवडावी. नुसती फिरवायची लाकडी खिट्टी घासून घासून सैल होते आणि दाराला बसलेल्या धक्क्याने उघडते. कडी, कोयंडा आणि कोयंड्यात अडकवायची लोखंडी खुंटी अशी दुहेरी अडवणूक असली की दार हलते पण उघडत नाही. शेवटी सगळ्यात मोठा शत्रू विसराळूपणा आहे. दार अंधार पडताना, कोंबड्या मोजून, रोज लावले गेले पाहिजे, आणि हे काम घरात एकाच माणसाकडे नेमून दिलेले असावे.

महाराष्ट्रात सगळीकडे एकच खुराडे चालणार नाही. कोकणात आणि गोव्यात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटरपेक्षाही जास्त पाऊस पडतो, चार महिने जमीन ओली असते, आणि तिथे जमिनीवरचे खुराडे म्हणजे रोगाला आमंत्रण आहे. तिथे खुराडे दोन-अडीच फूट उंचीच्या पायांवर उभे करावे आणि त्याची जमीन बांबूच्या कामट्यांची, कामट्यांमध्ये बोटभर फट ठेवून करावी, म्हणजे विष्ठा खाली पडून जाते आणि वारा खालूनही येतो. या फटींतून उंदीर-साप येऊ नयेत म्हणून प्रत्येक पायाला मध्यावर पत्र्याचा गुळगुळीत, उलट्या नरसाळ्यासारखा वेढा घालावा. त्यावर नखे टेकत नाहीत आणि चढणारा जीव तिथून परत फिरतो. पाय थेट मातीत न पुरता जांभ्याच्या चिऱ्यावर टेकवले तर वाळवी लागायला वेळ लागतो. नैर्ऋत्येकडून येणारी झड आत येऊ नये म्हणून पश्चिमेची अरुंद भिंत पूर्ण बंद आणि दक्षिणेची पागोळी, म्हणजे छपराची भिंतीबाहेर आलेली कड, किमान तीन फूट पुढे काढलेली असावी. दक्षिण कोकणात बांधावर वाढणारा माणगा बांबू सरळ आणि जवळजवळ भरीव असल्याने पायांना आणि वाशांना उत्तम चालतो.

देशावर आणि मराठवाड्यात शत्रू पाऊस नसून ऊन आहे. तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याचे छप्पर कोंबडीच्या डोक्यावर तव्यासारखे तापते. पत्राच वापरायचा असेल तर त्यावर कडब्याचा किंवा गवताचा जाड थर बांधावा, किंवा बाहेरून चुना फासावा, आणि खुराडे कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत ठेवावे. परंतु झाडाची फांदी छपराला टेकू देऊ नये. या कोरड्या भागात गादी पद्धत चांगली चालते. गादी म्हणजे जमिनीवर पसरलेला भाताच्या तुसाचा, लाकडाच्या भुशाचा किंवा चिरलेल्या काडाचा तीन-चार इंचांचा थर. विष्ठा त्यात मिसळते, कोंबड्या ती उकरून हलवत राहतात, ओल शोषली जाते आणि पाच-सहा महिन्यांनी उत्तम खत हाती येते. गादी मुठीत दाबून पाहावी : मूठ उघडल्यावर ती भुरभुरली तर ठीक आहे, लाडवासारखी गोळा राहिली तर ओल वाढली आहे आणि चुना मिसळून, वरखाली करून, ती सुकवली पाहिजे.

दहा कोंबड्या आणि एक कोंबडा अशा घरगुती कळपासाठी आतून पाच फूट लांब आणि चार फूट रुंद जागा पुरते, म्हणजे प्रत्येक पक्ष्याला दोन चौरस फुटांच्या आसपास वाटा येतो. दिवसभर पक्षी बाहेर फिरणार असतील तर यापेक्षा थोड्या जागेतही भागते, पण पावसाळ्यात झड लागली की ते दिवसचे दिवस आत राहतात, आणि दाटीत कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात, म्हणून मोजमाप पावसाळ्याच्या हिशेबाने करावे. प्रत्येक पक्ष्याला दांडीवर सात-आठ इंच जागा लागते. पाच फुटांच्या दोन दांड्या एकमेकींपासून सव्वा फुटावर, दोन्ही एकाच उंचीवर बसवाव्यात. शिडीसारख्या वरखाली बसवल्या तर रोज संध्याकाळी वरच्या दांडीसाठी भांडण होते. अंधार पडू लागला की वयस्क कोंबडी आधी चढते, शेजारी येणारीच्या डोक्यावर चोच मारते, खाली ढकललेली दुसऱ्या टोकाकडून पुन्हा चढते, असा पंधरा-वीस मिनिटे गोंधळ चालतो. दांड्या एका पातळीत असल्या की तो लवकर मिटतो, आणि वरच्यांची विष्ठा खालच्यांच्या पाठीवर पडत नाही. दांडी गोल बांबूची असण्यापेक्षा दोन इंच रुंद, वरून सपाट आणि कडा तासलेली असावी, म्हणजे पक्ष्याला त्यावर पोट टेकून बसता येते आणि तळव्याला इजा होत नाही.

अंडी घालण्यासाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक पेटी पुरते; ती लांबी, रुंदी, उंचीने फूटभर असावी, दांडीपेक्षा खालच्या पातळीवर आणि अंधाऱ्या कोपऱ्यात असावी. पेटी दांडीपेक्षा उंच असेल तर कोंबड्या तिच्यातच झोपतात आणि सकाळी अंडे घाणीत पडते. पेटीला बाहेरून उघडणारे झाकण असले की अंडी काढायला आत शिरावे लागत नाही. खुडूक कोंबडीसाठी, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसलेल्या कोंबडीसाठी, पेटी वेगळी आणि शांत जागी हवी. ती एका वेळी दहा-बारा अंडी पोटाखाली घेते, एकवीस दिवस बसते, आणि त्या काळात दुसऱ्या कोंबड्या तिच्या पेटीत अंडी घालू लागल्या तर रवण, म्हणजे उबवायला ठेवलेल्या अंड्यांचा संच, बिघडतो.

खुराड्याच्या रचनेत ज्याचा विचार सर्वांत कमी होतो आणि ज्यावर सर्वांत जास्त अवलंबून असते ते म्हणजे साफसफाई. परसातल्या कोंबड्या बहुतेक घरांत बायका सांभाळतात. अंडी आणि तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोवळ्या कोंबड्या, विकून आलेला पैसा घरातल्या थोड्या अशा पैशांपैकी असतो की ज्याचा हिशेब त्यांना कोणाला द्यावा लागत नाही. मुलाची वही, माहेरचा प्रवास, अचानक आलेला औषधाचा खर्च त्यातून निघतो. आणि खुराडे झाडण्याचे कामही त्यांच्याच वाट्याला येते. कोंबडीच्या मापाचे दार ठेवून बांधणाऱ्याने ते झाडणाऱ्या बाईच्या कमरेचा, गुडघ्यांचा आणि श्वासाचा विचार केलेला नसतो. ती वाकून, तोंड दाराशी नेऊन, त्या झोंबऱ्या हवेत खराटा फिरवते, आणि जिथे हात पोचत नाही तिथली घाण राहते. म्हणून माणसासाठी वेगळे मोठे दार, शक्य तर एक संपूर्ण लांब बाजू बिजागरीवर उघडणारी, हा चैनीचा भाग समजू नये. खुराड्याची जमीन झाडणारीच्या कमरेच्या उंचीला आली तर तिला वाकावेच लागत नाही, आणि कोकणातले पायांवरचे खुराडे थोडे आणखी उंच करून हे सहज साधते. बांधण्याआधी सुताराने माप घ्यावे ते या बाईच्या हाताच्या पोचेचे. खुराड्याची खोली त्यापेक्षा जास्त असू नये, किंवा मग दोन्ही बाजूंनी उघडता यावे.

न पोचणाऱ्या कोपऱ्यात काय वाढते हे रात्री दिवा घेऊन पाहिले की कळते. कोंबड्यांची गोचीड दिवसा भिंतीच्या भेगांत आणि दांडीच्या सांध्यांत लपते, रात्री बाहेर येऊन झोपलेल्या पक्ष्याचे रक्त पिते आणि उजाडण्याआधी परत भेगेत जाते, त्यामुळे दिवसा कोंबडी तपासून ती सापडत नाही. ती कित्येक महिने उपाशी राहू शकते, म्हणून खुराडे काही आठवडे रिकामे ठेवल्याने ती मरत नाही. दांड्या काढून उन्हात टाकता येतील अशा खाचांत नुसत्या ठेवलेल्या असाव्यात, भेगा शेणमातीने लिंपून वर चुन्याचा हात द्यावा, आणि हे वर्षातून किमान दोनदा करावे. जवळच राख आणि कोरडी माती भरलेला एक खड्डा छपराखाली ठेवला तर कोंबड्या त्यात लोळून अंगावरच्या उवा स्वतःच झाडतात.

रोगांपुढे बांधणी एकटी पुरी पडत नाही. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा विषाणूजन्य रोग परसातला कळप काही दिवसांत संपवू शकतो आणि त्यावर औषध नाही, लस आहे. पहिली लस पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून दिली जाते. बर्ड फ्लूचा देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर परिसरात झाला, तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या. खुराड्याच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी घ्यायच्या आहेत : दाणापाण्याची भांडी छपराखाली असावीत, म्हणजे रानपक्ष्यांची विष्ठा त्यांत पडणार नाही, आणि बाजारातून किंवा पाहुण्याकडून आलेली नवी कोंबडी थेट कळपात न सोडता दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी. जुन्या डालग्याला नव्या परसातही जागा आहे ती अशी.

बांधणीला हात घालण्याचा काळ दिवाळीनंतरचा. पाऊस थांबलेला असतो, जमीन वाळलेली असते, भाताची कापणी-झोडणी होऊन तूस आणि पेंढा घरोघर असतो, आणि बांबू तोडायलाही हाच मोसम योग्य, कारण पावसाळ्यात फुटलेले नवे कोंब एव्हाना वाढलेले असतात. तीन वर्षांपेक्षा कोवळा बांबू घेऊ नये. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला तर त्यातला पिठूळ अंश धुऊन जातो आणि पोखरणारा किडा लागण्याचे प्रमाण कमी होते. मार्गशीर्षात खुराडे उभे राहिले तर पौषात पिल्ले आणता येतात; गिरिराज किंवा वनराज यांसारख्या सुधारित जातींची, किंवा गावठी रवणातली. महिन्याभराची, लस टोचलेली पिल्ले घेतली तर थंडीत त्यांना ऊब देण्याचा व्याप वाचतो. उन्हाळ्यापर्यंत ती दांडीवर चढू लागतात, आणि पाच-सहा महिन्यांनी, आषाढाची झड चालू असताना, एखादी तलंग पेटीपाशी घुटमळू लागते. ती आत मान घालते, बाहेर येते, पुन्हा आत जाते, पेंढा पायाने मागे सारून स्वतःभोवती फिरते आणि छातीने दाबून खळगा करते. तास-दीड तासाने ती उठते तेव्हा तिथे लहानसे, कधीकधी कवचावर रक्ताची बारीक रेघ असलेले पहिले अंडे असते. ते उबवायला ठेवू नये, आणि लगेच उचलूही नये. दोन-चार दिवस ते किंवा त्याच आकाराचा पांढरा गोटा पेटीत राहू दिला, तर बाकीच्या तलंगा कुंपणाच्या झुडपात न जाता त्याच पेटीत येतात.